विहिरीजवळचा कोडी आंबा

मी, श्रीमती सरोजिनी तोताराम झांबरे, वय चौसष्ट, राहणार असोदा, तालुका व जिल्हा जळगाव, माझ्या राहत्या घरी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर हर्षिता सांखला यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मी कोणत्याही गुंगीच्या औषधाखाली नाही आणि कुणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही.

वकील पितांबर चौधरी यांच्या मसुद्यात या जागी ‘स्वखुशीने व निर्भयपणे’ असे शब्द होते. त्यातला ‘निर्भयपणे’ मी खोडायला लावला. ते म्हणाले, “काकू, तो छापील शब्द आहे. सगळ्यांच्यात असतो.” मी म्हटले, सगळ्यांच्यात असू द्या. खोट्याखाली सही करायची नाही, हे मला लहानपणी फार कडकपणे शिकवलेले आहे. मी भ्याले आहे आणि भीतीपोटीच हे मृत्युपत्र करते आहे.

मरणाची भीती त्यात थोडी आहे. येत्या आठवड्यात नाशिकला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. पण मोठी भीती निराळी. माझी नात ऋतिका, वय नऊ, हिच्या डाव्या गुडघ्यावर पांढरा डाग आला आहे. जळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांचे मलम चालू आहे, ते सावकाश गुण देईल असे त्यांनी सांगितले आहे. घराला मात्र सावकाश नको आहे. दिवाळीच्या सुट्टीत पोरीला बोदवडकडच्या एका औषधवाल्याकडे लेप लावायला न्यायचे ठरले आहे. तेव्हा मी दवाखान्यात असेन, किंवा कुठेच नसेन. तो लेप काय करतो ते मी पाहिलेले आहे. म्हणून जे काही माझ्या नावावर आहे ते सगळे त्या लेपाच्या आणि पोरीच्या मध्ये आडवे घालता येईल तेवढे घालते.

माझ्या मागे मुलगा पियुष, सून डिंपल, नात ऋतिका आणि माझी नणंद सुगंधाबाई एवढी माणसे आहेत. सुगंधाबाईंना आम्ही अक्का म्हणतो. माझे यजमान तोताराम हे हयात नाहीत.

कलम १. असोद्याचे राहते घर मी पियुषला देते. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी बुजवून तिथे कपाट करायचा त्याचा बेत आहे. तो त्याने माझ्या मागे खुशाल करावा, माझ्यादेखत नको. बँकेतल्या ठेवीतून दवाखान्याचे भागवून जे उरेल ते ऋतिकाच्या शिक्षणासाठी आहे. लग्नासाठी नाही. हे शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत आणि वकिलांनी ते गाळू नयेत.

कलम २. धुळ्याला देवपूरमध्ये माझ्या वडिलांचे दोन खोल्यांचे घर आहे. ते बहिणीकडून माझ्याकडे आले. ते मी माझी सून डिंपल हिला, तिच्या एकटीच्या नावे देते. पियुष, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू चांगला आहेस, पण तुला नाही म्हणता येत नाही. लहानपणी आत्याने पुढे केलेला चौथा लाडू नाही म्हणायला भिऊन तू खाल्लास आणि रात्रभर ओकलास. ठिबक सिंचनाच्या कंपनीत साहेब झालास तरी आत्यापुढे तू अजून तोच आहेस. डिंपलला कधी पोरीला घेऊन घराबाहेर पडावे लागले तर तिला एक दार असावे, एवढ्यासाठी हे घर तिला देत आहे.

किल्ली मी तिला देऊन टाकली. ती म्हणाली, “मला कशाला आई? तुम्ही परत येणारच आहात.”

“असू दे. जळगावहून धुळ्याची बस सारखी मिळते.”

 मग तिने किल्ली मंगळसूत्रात अडकवली. दुसऱ्या दिवशी काढून पर्समध्ये ठेवली, कारण अक्कांनी विचारले होते, “हे कोठलं लॉकेट काढलं नवं?”

हे घर माझ्या धाकट्या बहिणीचे, कुमुदचे. आम्ही दोघी तिथूनच कॉन्व्हेंटमध्ये जायचो. पांढरे मोजे, निळा स्कर्ट, रिबिनी. घंटा ऐकू आली की पांझरेच्या पुलावरून धावत सुटायचो. कुमुद आठ वर्षांची असताना तिच्या डाव्या भुवईपाशी पांढरा डाग उमटला. आईला कुणीतरी सांगितले, बावचीचे बी वाटून लावा आणि उन्हात बसवा, उन्हाशिवाय लेप लागू पडत नाही. धुळ्याचे चैत्रातले ऊन. गच्चीवर कुमुद ओरडत होती, “ताई, पाणी.” आई तिचे हात धरून म्हणत होती, “सोस जरा. चंद्रासारखी होशील.” मी जिन्यात तांब्या घेऊन उभी होते आणि आजी मला वर जाऊ देत नव्हती. घामाबरोबर लेप डोळ्यात उतरला. कपाळभर फोड आले, ते पिकले, डावा डोळा गेला. भुवईपाशीचा डाग होता तिथेच राहिला.

कुमुदने आईवर राग धरला नाही. तो तिच्या वाटणीचा मी धरला आणि आईच्या शेवटच्या आजारात तिचे पाय चेपतानाही सोडला नाही. राग कुणाच्या नावे करता येत नाही, नाहीतर त्याचेही एक कलम झाले असते. कुमुद त्याच घरात शिकवण्या घेत एकटी राहिली आणि तिथेच गेली. डिंपल, परसातला तिचा पेरू अजून फळतो. त्याच्या फांद्या शेजाऱ्यांच्या अंगणात जातात म्हणून ते कुरकुरतात. पेरू दिले की गप्प बसतात.

कलम ३. असोद्याच्या शेतातला विहिरीजवळचा तुकडा माझ्या यजमानांनी त्यांच्या हयातीत माझ्या नावावर केला. त्यात एक गावरान आंबा, दोन चिकू, एक लिंबू आणि कधीच गोड न झालेली एक मोसंबी अशी झाडे आहेत. या तुकड्याचे काय करायचे ते कलम सहामध्ये आहे. आधी त्या आंब्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण घरातली सगळी भीती त्याच्यापासून निघाली.

आंब्याच्या बुडाशी हिरवे मखमली शेवाळ आहे. वर खोडावर आणि फांद्यांवर राखी-पांढरे गोल डाग आहेत, काही रुपयाएवढे, काही हाताच्या पंजाएवढे, कडांना झालरी असलेले. पावसाळ्यानंतर ते फुगतात आणि हिरवट दिसतात. उन्हाळ्यात कोरड्या चुन्यासारखे होतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हे डाग थोडेच होते. मी यजमानांना विचारले होते, “हे काय?”

“त्याले कोड फुटलं,” ते म्हणाले आणि हसले.

नवी सून हसली म्हणून त्यांनी तो विनोद चारचौघांत पुन्हा केला आणि ते नावच पडले. डबे कोडी आंब्याखाली ठेवा. कोडी आंब्याच्या कैऱ्या उतरवा. पाहुणेही म्हणायचे, कोडी आंब्याचा रस द्या बुवा, त्याची सर नाही. इतकी वर्षे त्या नावात कुणाला काही वाटले नाही.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऋतिकाचा झोका त्याच आंब्याला बांधला. पावसाळ्याच्या तोंडावर ती खोडावरून घसरली, गुडघा खरचटला. खपली पडली आणि खालची कातडी पांढरी निघाली. मग वाढली. डॉक्टरांनी सांगितले की ज्यांच्या अंगात हे असते त्यांना खरचटल्या जागीच ते आधी दिसते, ते कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागत नाही. अक्कांनी ऐकून घेतले. घरी आल्यावर म्हणाल्या, “झाडाचं कोड पोरीले लागलं. तोताराम बोलून गेला, ते उभं राह्यलं. त्याची जीभच कायी व्हती.”

अक्कांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. आमच्याकडे जुन्या माणसांचे तसेच आहे. त्यांचे बोलणे मी त्यांच्यासारखेच लिहिते, म्हणजे माझे शब्द त्यांच्या तोंडी घातले असे कुणी म्हणणार नाही.

मी म्हटले, “अक्का, झाडाला कोड होत नाही. ते दगडफूल आहे.”

“मडम, मले नका शिकवू.” इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मी त्यांच्यासाठी रागाच्या दिवशी मडम आणि एरवी वैनी.

आमच्या घरचा काळा मसाला अक्कांच्याच हातचा. मी मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर दगडफूल काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. “हे काय आहे?”

“दगडफूल.”

“आणि आंब्यावरचे? तीच जात आहे.”

त्यांनी हातातले हुंगले. “हे जयगावच्या दुकानातलं आहे. पैसे देऊन आणेल आहे. ते फुकटचं.”

डिंपलला हसू आवरले नाही, मलाही नाही. अक्काही हसल्या. आणि हसता हसताच म्हणाल्या, “तुमच्या शायेत झाडाचं शिकवलं. पांढऱ्या पायाच्या पोरीचं लगन कसं करायचं, तेबी शिकवलं का?”

डिंपलचे हसू तिथेच थांबले. तेव्हापासून ती पोरीला घरातही लांब पायजमा घालते.

नंतरचे थोडक्यात लिहिते. अक्कांच्या सांगण्यावरून आमच्या पुना नावाच्या गड्याने कोयत्याने खोड खरवडले. डागांबरोबर सालही निघाली आणि डिंक वाहू लागला. मग पियुषने मोरचूद कालवून झाडभर मारले. चुना बेताने घालायचा असतो तो विसरला, त्यामुळे कोवळी पालवी करपली. मग कुणी म्हणाले मुळाशी रॉकेल ओता. मी खाट टाकून झाडाखाली बसले म्हणून ते तेवढे टळले. आता असे ठरले आहे की ज्या दिवशी पोरीला बोदवडला न्यायचे त्याच दिवशी आंबाही तोडायचा. दोन्ही कामे एका दिवसात.

कुमुदचे काय झाले हे अक्कांना ठाऊक आहे. ती इथे यायची तेव्हा अक्का तिच्या डाव्या बाजूला कधी बसत नसत. मी आठवण दिली तर म्हणाल्या, “तुमच्या मायने लेप नीट वाटला नसीन. हा मानूस जानता आहे.”

मला कशाची भीती वाटते ते आता उघड लिहिते. आंबा उभा आहे तोवर दोष आंब्याचा आहे. उद्या तो तोडला आणि पोरीचा डाग तसाच राहिला, आणि तो काही इतक्यात जाणार नाही, तर मग दोष कुणाचा? मग पोरीचा, नाहीतर तिच्या आईच्या रक्ताचा. मग एका लेपाने नाही गेला तर दुसरा, त्याने नाही तर बिब्बा. दुपारी डोळा लागला की मला गच्चीवर कुणीतरी बसलेले दिसते आणि ते कुमुद नसते.

मी वकिलांना म्हटले, नातीला कुणी लेप लावू नये अशी अट घाला. त्यांनी चष्मा काढला. “काकू, माणसाच्या अंगावर मृत्युपत्र चालत नाही. मिळकतीवर चालतं.”

“आणि झाडावर?”

“झाड ही मिळकत आहे.”

“मग झाडाचेच लिहा,” मी म्हटले.

कलम ४. झाडांची निगा. हे पियुषसाठी आहे. कोर्टात टिकले नाही तरी त्याने वाचावे.

शेवाळ आणि दगडफूल झाडाचे काही खात नाहीत. ते नुसते सालीवर बसतात. आमच्या शाळेत मंगळूरच्या सिस्टर फिलोमिना होत्या. त्यांचे मराठी अडखळत चालायचे. शाळेच्या आवारातल्या चिंचेपाशी नेऊन त्या आम्हाला म्हणायच्या, “मुलींनो, हात मागे. आधी बघा.” मग हातात भिंग द्यायच्या. दगडफूल म्हणजे दोन जिवांचे बिऱ्हाड आहे, एक घर बांधतो आणि दुसरा उन्हावर रांधतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. झाड वाढायचे मंदावले, दाट झाले, ओलसर हवेत कोंडले की ते बिऱ्हाड वाढते. म्हणजे झाडाचे दुखणे दुसरीकडेच कुठेतरी असते.

आमच्या आंब्याचे दुखणे असे आहे की गेली काही वर्षे तिन्ही बाजूंनी केळी त्याच्या अंगावर आणली आहे. केळीच्या बागेत हवा कायम ओली. तरी एक बाजू मोकळी होती, तिथे तू मोटरची खोली बांधलीस. आणि ठिबकच्या नळ्या तू खोडाला खेटून टाकल्यास. तू ठिबकचा माणूस म्हणून मी बोलले नाही, पण झाड पाणी खोडाने पीत नाही. नळ्या फांद्यांच्या सावलीच्या कडेला ने, बुडाचे शेवाळ आपोआप वाळेल. केळीच्या दोन ओळी मागे घे. उत्पन्न थोडे कमी होईल, होऊ दे. रस काढून झाला की वाळलेल्या आणि एकमेकींत शिरलेल्या फांद्या करवतीने काप, आत ऊन पडू दे, आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याची पेस्ट लाव. तेवढ्यापुरतीच. शेणखत आणि निंबोळी पेंड दे.

दगडफूल डोळ्यांना सहनच होत नसेल तर पाऊस पडून गेल्यावर, साल ओली असताना, जुनी तागाची गोणी घेऊन हलक्या हाताने पूस, जितके येईल तितकेच. कोयता, तारेचा ब्रश, रॉकेल, कॉस्टिक यातले काहीही नको. निघाले नाही तर राहू दे. डिंपल, काटकसर म्हणून ते खरवडून मसाल्यात घालू नकोस. दुकानातले निवडलेले असते, सगळे दगडफूल खायचे नसते.

चिकूंनाही तेच. मोसंबीचे काही करू नका. ती पहिल्यापासून तशीच आहे आणि मला ती तशीच आवडते.

कलम ५. किरकोळ. माझे दागिने डिंपलला. शिवणयंत्र तिलाच. इंग्रजी पुस्तकांची पेटी आणि सिस्टरांनी दिलेले भिंग ऋतिकाला. शेजारच्या भटूभाऊंकडे असलेली मोठी पितळी परात आमची आहे, त्यांना वाटते त्यांची. ती मी त्यांना देते, म्हणजे दोघांचेही खरे होईल. माझ्या चुलतदिराने आमच्या लग्नात मला पाहून “शहरातलं मांजर आणलं” असे म्हटले होते, त्यांना काही नाही. माझ्या दिवसांना बोलवावे, जेवू घालावे.

कलम ६. विहिरीजवळचा तुकडा ऋतिकाच्या नावे करायचे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, ती अज्ञान, म्हणजे वयाने लहान आहे, तिच्या वतीने बाप बघणार. बाप आत्याला नाही म्हणणार नाही. म्हणजे मी ज्या दारावर कडी लावते आहे ते दार आतूनच उघडणार. तीन दिवस मला जेवण गेले नाही. मग मला अक्कांचेच काही आठवले.

हा आंबा अक्का जन्मल्या त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी कोय पुरून लावला. ते असेपर्यंत त्याला ‘सुगंधाचा’ म्हणत, हे अक्का स्वतः कधी सांगत नाहीत. सासरे गेल्यावर अक्कांनी भावासाठी हक्कसोड पत्रावर सही केली. आमच्याकडच्या सगळ्या लेकी करतात. त्या दिवशी त्यांना साडी दिली, आमरसाचे जेवण घातले आणि सासरी, बोदवडच्या गाडीत बसवून दिले. रस त्याच आंब्याचा होता. नवरा गेल्यावर मूलबाळ नाही म्हणून सासरच्यांनी त्यांना परत पाठवले. तेव्हापासून त्या त्यांच्या बापाच्या घरात माझ्या पाहुण्या आहेत. आजही रोज सकाळी मला विचारतात, “भाजी काय करू, वैनी?” त्यांच्या नावावर या जगात एक वाटीदेखील नाही.

म्हणून हा आंबा, आणि भर दुपारी त्याची सावली जेवढ्यावर पडते तेवढी जमीन, मी माझी नणंद सुगंधाबाई यांना त्यांच्या हयातीपर्यंत देते. कैऱ्या त्यांच्या, आंबे त्यांचे, वाळलेले लाकूड त्यांचे. झाडाला हात लावायचा तर त्यांना विचारून. तोडायचे का ठेवायचे तेही त्यांनीच ठरवायचे. त्यांच्यानंतर ते ऋतिकाचे. उरलेला तुकडा आणि बाकीची झाडे माझ्या मागे थेट ऋतिकाची.

वकील म्हणाले, “काकू, ज्यांना तोडायचंय त्यांनाच झाड देताय?”

मी म्हटले, दुसरा उपाय तुम्ही सांगा. 

हे मृत्यूनंतर वाचून उपयोग नव्हता. काल सकाळी मी अक्कांना आंब्याखाली नेले. दम लागला म्हणून वाटेत बांधावर टेकले. ऋतिका झोक्यावर होती. मी हे कलम वाचून दाखवले.

“मले?” अक्का म्हणाल्या.

“तुम्हाला.”

“हक्कसोडची सही करेल आहे मी.”

“ती भावाला करून दिलीत. हे मी देते आहे. मी काही तुमच्या माहेरची नाही.”

 अक्का उठून खोडापाशी गेल्या. कोयत्याने सोललेल्या जागी डिंक गोठला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. “या पुनाने लईच खोल मारलं,” म्हणाल्या. त्याला सांगितले कुणी होते ते मी काढले नाही. त्यांनी पदराने ती जागा पुसली. बाजूच्या राखी डागावरून बोटे फिरवली आणि बोटे हुंगली.

मला भीती वाटत होती, तरी मी विचारले. “अक्का, बोदवडला तो लेप मिळणारच आहे. आंब्याच्या आणि पोरीच्या दुखण्याचे नाव एकच, कोड. आधी थोडा आंब्याला लावून बघायचा का? या अंगाला, जिकडे ऊन येते.”

त्या गर्रकन वळल्या. “येडी झाली का वैनी? साल जयीन ना त्याची.”

झोक्याची दोरी फांदीवर कुरकुरत होती.   डिंपल जवळ नव्हती म्हणून पोरीने पायजमा गुडघ्याच्या वर खोचला होता, आणि झोका पुढे आला की तो डाग उन्हात यायचा, मागे गेला की सावलीत जायचा. अक्का तेवढेच बघत होत्या.

मग त्यांनी मला विचारले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, “कुमुदचा डोया... दुखे का गं तिचा मांगून?”

“शेवटपर्यंत,” मी म्हटले.

 अक्कांनी ऋतिकाला हाक मारली. “ओ पोरी, झोका इकडे आतल्या फांदीले बांधू. तेथी ऊन लागते.” आणि स्वतः दोरी सोडायला गेल्या.

बोदवडला जाणार नाही असा शब्द अक्कांनी मला दिलेला नाही. मी मागितला नाही. मागितला असता तर त्यांनी दिला असता, आणि दिलेला शब्द मडमच्या दबावाने दिला असे त्यांना दिवाळीत वाटले असते. दिवाळी अजून व्हायची आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे केले तर मी नाशिकहून परत आले असे समजावे. यातल्या सूचनांची तामिली वकील पितांबर चौधरी यांनी करावी. वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष केली. सही थरथरलेली दिसेल. ती माझीच आहे.

ठिकाण : असोदा
दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

(सही) सरोजिनी तोताराम झांबरे

साक्षीदार
१. (सही) शालिग्राम नेहेते, राहणार असोदा
२. (सही) डॉ. हर्षिता जिनेश सांखला, राहणार जळगाव